खमीर, रीळ आणि करंगळीचे नख

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आनुवंशिकतेचा धडा येतो. डीएनएवरून आरएनए, आरएनएवरून प्रथिन, ही साखळी मुले पाठ करतात, आकृती काढतात आणि गुणही मिळवतात. पण जवळजवळ दरवर्षी वर्गातली एखादी मुलगी असा प्रश्न विचारते, ज्याचे उत्तर त्या धड्यात नसते. शरीराच्या सगळ्या पेशींत एकच डीएनए आहे, तर मग डोळ्यात केस का उगवत नाहीत? यकृताची पेशी यकृतच का राहते, मेंदू का होत नाही?

उर्दू माध्यमाच्या मुलांना आम्ही पेशीला खलिया म्हणतो, केंद्रकाला मरकज़ा आणि प्रथिनांना लहमियात. शब्द कुठलेही वापरा, उत्तर एकच. ग्रंथ प्रत्येक पेशीत पूर्ण आहे, मात्र प्रत्येक पेशीत त्याची वेगवेगळी पाने उघडी असतात. ही पाने उघडणारी आणि मिटणारी काही प्रथिने असतात. त्यांचे काम बिघडले तर काय होते, ते पुढे येईलच. पण आम्हाला त्याआधी एका साध्या प्रश्नाकडे जायचे आहे. एवढ्या बारीक जागेत काय चालले आहे, हे शास्त्रज्ञांना कळले कसे? डोळ्यांनी तर कुणी पाहिलेले नाही.

माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर तो सुमारे २ मीटर भरतो. तो ज्या केंद्रकात बसवलेला असतो, ते मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याहूनही लहान असते. भिवंडी किंवा मालेगावच्या वाचकांना हे समजावून सांगायची गरज नाही. लांब सूत कमी जागेत आणि गुंता न होता ठेवायचे तर ते कांडीवर गुंडाळावे लागते. पेशीही तेच करते. हिस्टोन नावाच्या आठ प्रथिनांचा एक गोळा असतो. त्याभोवती डीएनए दीडपेक्षा थोडे जास्त वेढे घेतो आणि त्या वेढ्यांत डीएनएची साधारण १४७ अक्षरे मावतात. मग थोडा मोकळा दोरा, मग पुढचे रीळ. अशा एका रिळाला न्यूक्लिओसोम म्हणतात आणि रिळांच्या या साऱ्या माळेला क्रोमॅटिन. एका पेशीत अशी जवळपास ३ कोटी रिळे असतात. एक मिलिमीटरमध्ये शेजारी शेजारी मांडली तर सुमारे ९०,००० बसतील, इतके ते रीळ लहान असते.

ही रिळे आहेत, हे प्रथम कळले ते कापून. १९७३ साली ऑस्ट्रेलियात ह्यूइश आणि बर्गोइन या दोघांनी उंदराच्या यकृतातली केंद्रके घेतली आणि पेशीत असलेल्या विकरालाच डीएनए कापू दिला. विकर म्हणजे एन्झाइम, डीएनए कापणारे विकर म्हणजे कात्रीच समजा. कात्री दोऱ्यावर कुठेही चालली असती तर लहानमोठे हजार आकारांचे तुकडे मिळाले असते. पण तुकडे मिळाले ते ठरावीक मापाचे, एकपट, दुप्पट, तिप्पट. ते एक माप पुढे सुमारे २०० अक्षरांचे निघाले. याचा अर्थ दोरा ठरावीक अंतरावर झाकलेला होता आणि कात्रीला फक्त मधल्या उघड्या जागी शिरता येत होते.

तुकड्यांची मापे कशी घेतात, हे आमच्या वाचक भगिनींना लगेच कळेल. रमजानमध्ये दुधात चायना ग्रास घालून आपण थंड, थरथरणारी वडी लावतो ना? तो समुद्री शेवाळाचा पदार्थ. त्याच जातीच्या शेवाळापासून काढलेल्या द्रव्याची पारदर्शक वडी प्रयोगशाळेत लावतात. वडीच्या एका कडेला बारीक खाचा ठेवून त्यांत डीएनए भरतात आणि वडीतून वीज सोडतात. डीएनएवर ऋण भार असतो, त्यामुळे तो धन टोकाकडे सरकू लागतो. लहान तुकडे वडीच्या जाळीतून पटकन निसटतात, मोठे मागे रेंगाळतात. शेवटी शिडीच्या पायऱ्यांसारखे पट्टे दिसतात. ही शिडी म्हणजेच रिळांचा पुरावा.

पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, केंब्रिज येथे रॉजर कॉर्नबर्ग यांनी रिळाची रचना मांडली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ओक रिज येथील ओलिन्स दांपत्याने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून माळेतले मणी दाखवले. १९९७ मध्ये झुरिकच्या संस्थेत कॅरोलिन ल्युगर, टिमोथी रिचमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रिळाचे स्फटिक बनवून क्ष-किरणांनी त्याचा बारीक नकाशा काढला. रीळ कसे दिसते हा प्रश्न इथे जवळपास मिटला.

मात्र खरा प्रश्न तसाच राहिला होता. हवे असलेले अक्षर रिळाच्या वेढ्यात दाबलेले असेल, तर पेशी ते वाचते कशी? रीळ कुणी सरकवते का? याचे उत्तर अगदी अनपेक्षित ठिकाणाहून आले. बेकरीत पावाचा मैदा आणि घरात नानचे पीठ ज्याने फुगते, त्या खमिरातून.

१९८४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात लेनोर नायगेबॉर्न आणि मॅरियन कार्लसन या दोघी खमिराच्या पेशी साखरेवर वाढवत होत्या. साधी साखर पचवण्यासाठी खमिराला ती आधी फोडावी लागते आणि त्यासाठी एक ठरावीक जनुक उघडावे लागते. त्यांनी अशा पेशी शोधल्या ज्यांना हे जनुक उघडताच येत नव्हते. ज्या जनुकांतल्या बिघाडामुळे हे घडत होते, त्यांना नाव मिळाले एसएनएफ, म्हणजे साखर न आंबवणारे. त्यांत एक क्रमांक दोनचे होते आणि एक क्रमांक पाचचे. हा पाचवा क्रमांक लक्षात ठेवा. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात आयरा हर्सकोविट्झ यांच्या गटाला खमिराच्या नर-मादी प्रकार बदलण्याच्या सवयीत अडथळा आणणारी जनुके सापडली. त्यांना एसडब्ल्यूआय म्हटले. एका ठिकाणी साखर, दुसऱ्या ठिकाणी प्रजनन, दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध दिसत नव्हता. काही वर्षांनी दोघांनी अक्षरे ताडून पाहिली तेव्हा एका घरचा क्रमांक दोन आणि दुसऱ्या घरचा क्रमांक दोन हे एकच जनुक निघाले! तेव्हापासून या प्रथिनांच्या टोळीला जोडनाव पडले. शास्त्रज्ञ बोलताना त्याचा उच्चार स्विच-स्निफ असा करतात, आम्हीही तोच वापरू.

ही टोळी रिळांशी काही करते, हा संशय कसा आला, ती युक्ती आम्हाला फार आवडते. १९९२ मध्ये हार्वर्डला फ्रेड विन्स्टन यांच्या गटाने ज्या खमिरात स्विच-स्निफ बिघडलेले होते, त्याच खमिरात हिस्टोनचा पुरवठाही कमी केला. हिस्टोन बनवणाऱ्या जनुकांचा एक संच त्यांनी काढून टाकला. आता एकात दोन बिघाड झाले, म्हणजे पेशीचे हाल दुप्पट व्हायला हवेत. झाले उलटेच. बंद पडलेले साखरेचे जनुक पुन्हा चालू लागले. देगचीचे जड झाकण उचलणारा आजारी पडला आणि स्वयंपाक अडला. मग झाकणच हलके केले आणि देगची उघडली. यावरून काय कळते? आजारी माणसाचे काम झाकण उचलण्याचेच होते. सूक्ष्मदर्शक आणि किरण न वापरता हा निष्कर्ष निघाला.

तरी हा संशयच होता, साक्षात पुरावा नव्हता. जिवंत पेशीत हजारो प्रथिने एकाच वेळी काम करतात, दोष नेमका कुणाचा हे सांगणे अवघड. म्हणून सगळा पसारा परीक्षानळीत आणावा लागतो. तिथे फक्त तीन गोष्टी ठेवायच्या. रीळ, टोळी आणि एटीपी, ज्याला पुस्तकात ऊर्जेचे चलन म्हटले आहे.

रीळ घरी बनवण्याची रीत ऐकण्यासारखी आहे. डीएनए आणि हिस्टोन समुद्राच्या पाण्याच्या तिप्पट खारट द्रावणात एकत्र करतात. इतक्या मिठात त्यांची एकमेकांवरची ओढ दबून जाते आणि ते अलिप्त राहतात. मग ते मिश्रण बारीक छिद्रांच्या पिशवीत भरून कमी मिठाच्या पाण्यात सोडतात आणि तासन्‌तास हळूहळू मीठ उतरवत नेतात. मीठ उतरते तशी ओढ परत येते आणि दोरा आपोआप गोळ्याभोवती वेढे घेतो. घाई केली तर वेढ्यांऐवजी गचका होतो. इथे आणखी एक अडचण होती. साध्या डीएनएवर रीळ कुठेही बसते, त्यामुळे ते सरकले की मुळातच तिथे होते, हे कळत नाही. शर्यतीला आरंभरेषा हवी. १९९८ मध्ये अमेरिकेत लॉरी आणि विडम या दोघांनी कृत्रिम डीएनएच्या प्रचंड ढिगातून रीळ घट्ट आणि ठरल्या जागीच बसेल अशी अक्षररचना निवडून काढली. तिचा क्रमांक ६०१. आजही जगभरच्या प्रयोगशाळा हीच ६०१ आरंभरेषा म्हणून वापरतात.

त्याच्या आधीच, १९९४ मध्ये, अमेरिकेतल्या काही गटांनी खमिराची आणि माणसाची स्विच-स्निफ टोळी शुद्ध करून रिळांवर सोडली होती. सुमारे डझनभर प्रथिनांची ही टोळी. कात्रीचा प्रयोगच पुन्हा केला. रिळावर बसलेला दोरा कात्री दर दहा अक्षरांनी कापते, कारण वेढा घेताना दोऱ्याची ठरावीक बाजूच बाहेर येते. टोळी आणि एटीपी दोन्ही घातल्यावर हा दहा-दहाचा ताल मोडला. दोऱ्याची गोळ्यावरची बैठक बदलली होती.

आता जे सांगतो आहोत, ते आम्ही वर्गात फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहितो. असा एक प्रयोग म्हणजे एक नळी नसते. पहिल्या नळीत रीळ, टोळी आणि एटीपी. दुसरीत एटीपी नाही. तिसरीत एटीपीसारखी दिसणारी पण पेशीला सहजासहजी जाळता न येणारी नकली वस्तू. चौथीत एटीपी आहे, पण टोळीतल्या मुख्य प्रथिनाचा एकच मणी बदललेला, असा की त्याला एटीपी वापरता येऊ नये. पाचवीत टोळीच नाही. ताल फक्त पहिल्या नळीत मोडला आणि बाकी चारांत नाही, तरच म्हणता येते की हे काम या टोळीने, एटीपी जाळून केले. बाजारात जनुके जागी करणारी सरबते आणि चूर्णे विकणाऱ्यांना या बाकीच्या चार नळ्या कुठे आहेत, एवढेच विचारून पाहावे.

रीळ नेमके कसे हलते, यावर १९९९ मध्ये दोन उत्तरे आली. स्कॉटलंडच्या डंडी येथून सांगितले गेले की रीळ त्याच दोऱ्यावर पुढे सरकते. हे पाहण्यासाठी पुन्हा वडीच वापरली. रीळ दोऱ्याच्या मध्यावर असेल तर तो जोड वडीतून हळू जातो आणि टोकाला असेल तर भरभर. टोळी घातल्यावर पट्ट्याची जागा बदलली, म्हणजे रिळाची जागा बदलली. त्याच वर्षी कॉर्नबर्ग यांच्याच गटाने, तेव्हा ते स्टॅनफर्डला होते, स्विच-स्निफच्या जवळच्या नात्यातली एक टोळी गोळा एका दोऱ्यावरून उचलून दुसऱ्या दोऱ्यावर ठेवू शकते, असे दाखवले. दोन्ही उत्तरे खरी होती.

पुढे २००९ मध्ये हार्वर्डच्या शाओवेई झुआंग यांच्या प्रयोगशाळेत एकेका रिळाची हालचाल पाहता आली. दोऱ्याच्या टोकाला एक रंगकण आणि गोळ्याला दुसरा रंगकण लावायचा. दोघे जवळ असले की प्रकाशाचा रंग एक, दूर गेले की दुसरा. स्विच-स्निफच्या नात्यातली एक टोळी रीळ थोडे सरकवते, थांबते, पुन्हा सरकवते, कधी मागेही नेते, असे त्यात दिसले. हमाल जसा जड पेटी ढकलतो, दम घेतो, परत ढकलतो.

आता त्या पाचव्या क्रमांकाकडे येऊ. खमिरातले एसएनएफ ५ माणसातही आहे. माणसात त्याचे नाव स्मार्क-बी-वन. दवाखान्याच्या कागदावर त्याला आयएनआय-वन असेही लिहितात. १९९८ मध्ये पॅरिसच्या क्युरी संस्थेतल्या गटाला आढळले की अगदी लहान बाळांना होणाऱ्या रॅब्डॉइड नावाच्या भयंकर गाठींत नेमके हेच जनुक मोडलेले असते. गाठ मूत्रपिंडात असो वा मेंदूत. साखर न आंबवणाऱ्या खमिरासाठी चौदा वर्षांपूर्वी दिलेला क्रमांक असा बाळांच्या गाठीच्या अहवालात येऊन बसला. आज अशी शंका आली की गाठीचा पातळ काप घेऊन त्यावर हे प्रथिन रंगवणारी चाचणी करतात. रंग चढला नाही तर निदानाला मोठा आधार मिळतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या कर्करोग रुग्णालयांत ही चाचणी नेहमीची आहे.

उपचाराच्या बाजूने अजून फार काही हातात नाही. टोळी गैरहजर असली की पाने मिटवणारे दुसरे प्रथिन मोकाट होते, हे कळल्यावर त्याला आवरणारे टॅझेमेटोस्टॅट नावाचे औषध निघाले. २०२० मध्ये अमेरिकेत त्याला याच जनुकाशी जोडलेल्या एका वेगळ्या कर्करोगासाठी परवानगी मिळाली. त्या चाचणीत ६२ रुग्ण होते आणि त्यांतल्या १५ टक्क्यांच्या गाठी लहान झाल्या. आकडा मुद्दाम देत आहोत, म्हणजे कुणी संदेश पाठवून रामबाण औषध म्हणून सांगितले तर किती विश्वास ठेवायचा हे ठरवता येईल.

याच जनुकाची दुसरी कथा गाठीची नाही. १९७० साली कॉफिन आणि सिरिस या अमेरिकन डॉक्टरांनी काही मुलांचे वर्णन केले. हात किंवा पायाच्या करंगळीचे नख लहान किंवा नाहीच, बोलायला फार उशीर, स्नायू सैल, लहानपणी दूध ओढायला त्रास. बेचाळीस वर्षे कारण कळले नाही. २०१२ मध्ये जपान आणि नेदरलँड्समधल्या गटांनी या मुलांचा डीएनए वाचला, तेव्हा बिघाड सापडला तो याच स्विच-स्निफ टोळीच्या निरनिराळ्या सदस्यांत. काही मुलांत स्मार्क-बी-वनमध्ये. आणि बहुतेक मुलांत हा बदल आईतही नव्हता, वडिलांतही नव्हता. तो नव्याने झालेला होता.

हे वाक्य आम्हाला इथे थांबून सांगायचे आहे. आमच्या परिचयाच्या एका घरात मुलगा तीन वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता आणि त्याच्या दोन्ही पायांच्या करंगळ्यांना नखे नव्हती. तपासणी व्हायच्या आधीच घरात निकाल लागलेला होता. फुप्पी म्हणाल्या, ग्रहणात हिने सुरी धरली. कुणी म्हणाले, हिच्या माहेरचेच रक्त तसे. शहरातल्या दवाखान्यात पहिला प्रश्न आला, लग्न नात्यातले का? नवरा-बायको मामेभाऊ-आतेबहीण होते. झाले, त्या एका होकारावर सगळ्यांनी दोष तिच्या पदरात टाकला. पुढे अहवालात नव्याने झालेला बदल निघाला, तोपर्यंत त्या मुलीने माहेरी जाणे सोडले होते.

नात्यातल्या लग्नाचा प्रश्न डॉक्टर विचारतात ते योग्यच आहे. काही आजार असे असतात की बिघडलेली प्रत आईकडूनही यावी लागते आणि वडिलांकडूनही. नात्यात लग्न असेल तर दोघांकडे एकच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता वाढते. थॅलेसेमिया हे आपल्याकडचे उदाहरण. हे नाकारू नये. पण कॉफिन-सिरिसमध्ये एकच प्रत बिघडलेली पुरते आणि ती बहुधा बीजपेशी तयार होताना किंवा गर्भ अगदी लहान असताना नव्याने बिघडते. कोट्यवधी अक्षरे उतरवताना एखादे चुकते. परक्यातल्या लग्नातही तसेच चुकते. त्यात सुरी नाही, ग्रहण नाही, माहेर नाही. पुढच्या बाळाला तोच त्रास होण्याची शक्यता कमी असते, शून्य मात्र नसते. म्हणून आनुवंशिकतेच्या समुपदेशकाला भेटावे, एवढेच.

आता कुणी म्हणेल, मुलाच्या डीएनएत एक अक्षर वेगळे आहे म्हणून तेच कारण कशावरून? प्रत्येक माणसाच्या डीएनएत वेगळी अक्षरे असतातच. शंका रास्त आहे. इथेच परीक्षानळीतली ती रिळे परत कामाला येतात.

स्मार्क-बी-वन हे ३८५ मण्यांचे प्रथिन आहे. कॉफिन-सिरिसच्या काही मुलांत यातला फक्त ३६४ वा मणी गळलेला सापडतो. शेपटाकडचा एक मणी, बाकी सगळे जागच्या जागी. एवढ्याने बोलणे का अडावे? २०१९ मध्ये बॉस्टनच्या डाना-फार्बर संस्थेत सिगॉल कॅडॉक यांच्या गटाने हा बदल असलेली टोळी तयार करून पाहिली. पहिला प्रश्न, टोळी जमते का? जमली. दुसरा, ती पेशीत जिथे जायची तिथे जाते का? गेली. तिसरा प्रश्न त्यांनी कात्रीला विचारला. रिळाच्या वेढ्यात दडलेल्या जागी कापणारे विकर घातले आणि किती वेगाने कापले जाते ते मोजले. चांगली टोळी असेल तर रीळ हलते, जागा उघडी पडते, कात्री चालते. मणी गळलेल्या टोळीबरोबर कात्री अडखळली. कामगार वेळेवर आला, आपल्या मागावर उभाही राहिला, पण हात चालत नव्हते.

का, तेही त्यांनी शोधले. गोळ्याच्या अंगावर एक ऋण भाराचा पट्टा असतो. स्मार्क-बी-वनचे शेपूट धन भाराचे असते आणि ते त्या पट्ट्याला पकड घालते. मणी गळला की पकड सुटते. पुढच्या वर्षी, २०२० मध्ये, शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या गटाने माणसाच्या या टोळीला रिळासकट क्षणात गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तिचे चित्र घेतले. गोळा दोन्ही बाजूंनी पकडलेला दिसला. एका बाजूला एटीपी जाळणारे मुख्य प्रथिन, दुसऱ्या बाजूला त्याच पट्ट्यावर टेकलेले स्मार्क-बी-वन. कात्रीने जे सांगितले होते, ते चित्रात दिसले. दोन अगदी निराळ्या रीती एकाच जागी पोहोचल्या की विश्वास ठेवायला जागा होते.

बॉस्टनच्या गटाने आणखी एक पायरी ओलांडली. जिवंत पेशीत कुठली पाने उघडी आहेत, हे पाहण्याची एक सुटसुटीत रीत २०१३ मध्ये स्टॅनफर्डला निघाली होती. एक विकर पेशीत सोडतात. ते उघड्या डीएनएत शिरून कापते आणि तिथेच खुणेची चिठ्ठी चिकटवते. झाकलेल्या रिळात त्याला शिरता येत नाही. मग चिठ्ठ्या लागलेले तुकडे वाचायचे, म्हणजे उघड्या पानांची यादीच मिळते. पूर्वी अशा तपासणीला लाखो पेशी लागत, या रीतीने ५०,००० किंवा त्याहून कमी पुरतात. बदललेल्या टोळीच्या पेशींत अनेक पाने नीट उघडत नव्हती. आणि अशा बदलाच्या मूळ पेशींना चेतापेशी बनवायला घेतले, तेव्हा तिथेही त्या मागे पडल्या.

पुण्याच्या आयसर संस्थेत आणि नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रातही क्रोमॅटिनवर काम चालते. आपल्या अकरावी-बारावी विज्ञानाच्या मुली डॉक्टरकीच्या एकाच दाराशी रांग लावतात. त्यांना हे दारही दाखवायला हरकत नाही. वडी लावणे, मीठ उतरवणे, चार नळ्या रिकाम्या ठेवणे, यात त्यांचा हात कुणापेक्षा कमी पडणार नाही.

ज्यांच्या घरी अशी तपासणी चालू असेल त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. जनुकाच्या अहवालात पुष्कळदा असा शेरा असतो की बदल सापडला, पण त्याचा अर्थ अनिश्चित आहे. याचा अर्थ मूल बरे आहे असाही नाही आणि आजार ठरला असाही नाही. त्या अक्षराची रिळांवरची परीक्षा अजून कुणी घेतलेली नाही, किंवा तसाच बदल असलेली पुरेशी मुले अजून सापडलेली नाहीत, इतकाच. अशा अहवालाच्या आधारे पुढच्या बाळाबद्दल कुठलाही निर्णय घाईने घेऊ नये. आई-वडील दोघांचे रक्तही तपासून घ्यावे. बदल नव्याने झालेला की आलेला, हे त्याशिवाय कळत नाही. मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवावा आणि दोन वर्षांनी त्याच डॉक्टरांकडे नेऊन, याचे पुन्हा वाचन करून द्या, असे सांगावे. तेच रक्त, तेच अक्षर, पण मधल्या काळात कुठल्यातरी प्रयोगशाळेत त्याचा अर्थ लागलेला असू शकतो.